बाबांना दुसऱ्यांदा उचलताना

थुओंग दोंग, नाम दिन्ह
२० ऑगस्ट २००३

तोआन,

सगळे ठीक आहेत हे आधीच लिहिते, नाहीतर पाकीट बघूनच घाबरशील. आईचे कान आणखी गेलेत, बाकी तिला धाड भरलेली नाही. काल तिनं बुओंग काकांची बदकं आपल्या शेतातून हाकलली आणि त्यांच्या मागोमाग काकांनाही हाकललं. मी अजून बाजारात शेवयांचं दुकान लावते. फोन करणार होते, पण टपाल कचेरीतल्या फोनवर बोलायला उभं राहिलं की ती पोस्टातली बाई टेबल पुसायचं सोडून ऐकत बसते, आणि मी दुकानात परत येईपर्यंत गिऱ्हाईकं मलाच माझी बातमी सांगतात. म्हणून पत्र.

बाबांना जाऊन या हिवाळ्यात तीन वर्षं होतात. आता त्यांना बाहेर काढायचं, हाडं धुवायची आणि मातीच्या पेटीत घालून कायमच्या जागी ठेवायचं. थांबायचं म्हटलं तरी थांबता येणार नाही, कारण जुनं दफनाचं रान सरकारनं रस्त्यासाठी घेतलंय. तेतच्या नववर्षाच्या सणाआधी सगळ्यांनी आपापली माणसं हलवायची, त्यानंतर यंत्रं येणार. नवी जागा कालव्यापलीकडे आहे, उंचावर, कोरडी. बाबांना आवडली असती. जन्मभर बदकांमागं चिखलात फिरले, निदान आता पाय कोरडे राहतील.

लुक गुरुजींनी मुहूर्त काढलाय. शेवटच्या महिन्यातली पौर्णिमा, म्हणजे तुमच्या कॅलेंडरात सहा जानेवारी, सूर्य उगवायच्या आत. बाबांच्या जन्मवर्षाशी आणि तुझ्याशी जुळणारा हाच एक दिवस आहे. हो, तुझ्याशी. खणायला मजूर असतात, पेटी बुओंग काका आणतील, पाणी मी उकळीन, पण डोकं मुलानंच उचलायचं असतं हे तुला मी सांगायला नको. आणि मुलगा तू एकटाच आहेस.

माती दिली तेव्हा तुझी परीक्षा होती. तेव्हा कुणी दोष दिला नाही. पोरगं नवीन आहे, परका मुलूख आहे, असंच सगळे म्हणाले. या वेळी तसं कुणी म्हणणार नाही. काकांनी आत्ताच विषय काढलाय की तोआनला जमत नसेल तर आमचा थांग आहे, शेवटी पुतण्या म्हणजे मुलगाच. आई तेव्हा ऐकू येत नसल्यासारखं करून भात वाढत राहिली. थांग उचलेल, आणि मग पुढची वीस वर्षं काकू प्रत्येक श्राद्धाच्या पंगतीत ते ऐकवेल.

ते हिरवं कार्ड की काय ते, त्याचं काम अडलंय असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस. ते अडूनच राहू दे थोडे दिवस. पंधरा दिवस ये. आईला मी सांगितलंय की तू येतोयस.

थोम

*

ह्यूस्टन
१४ सप्टेंबर २००३

ताई,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. एका बाईची नखं अर्धी रंगवून झाली होती, ती तशीच ठेवून मागच्या खोलीत जाऊन वाचलं. येनच्या मामांनी त्यावरून दिवसभर टोमणे मारले. बायकोच्या मामांच्या दुकानात काम करणं म्हणजे काय हे तुला मी आल्यावर सांगेन. आई गावात सांगते ना, की मी सौंदर्याच्या व्यवसायात आहे? सांगू दे.

येण्याचं सांगतो. नीट वाच, आणि आईलाही मोठ्यानं वाचून दाखव. लग्नानंतर मी इथं कायम राहण्याचा अर्ज केलाय. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत मी या देशाबाहेर पाऊल टाकलं तर मला अर्ज नकोच आहे असं धरतात आणि तो रद्द करतात. मग परत येता येत नाही. बाहेर जायचं असेल तर आधी त्यांच्याकडून प्रवासाचा परवाना घ्यावा लागतो. तो परवाना मी मागितलाय, पण त्याला किती महिने लागतील ते कुणी सांगत नाही.

घाईचा परवाना मिळतो, म्हणून मी वकीलबाईंकडे गेलो. आपल्याच लोकांतली आहे, पण इथंच जन्मलेली. तिनं विचारलं, कोण आजारी आहे? म्हटलं आजारी कुणी नाही. मग कोण वारलं? म्हटलं वडील. तिनं चेहरा पाडला, वही उघडली आणि विचारलं, कधी? मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वी. तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं.

"मग आता त्यांना काय झालंय?" असं तिनं विचारलं, ताई. मी समजावून सांगितलं. हाडं काढायची, सुगंधी पानांच्या पाण्यानं धुवायची, मी एकुलता मुलगा, म्हणून मीच. ती ऐकत होती, पण डोळ्यांत शिसारी होती. म्हणाली, कचेरीला मृत्यूचा दाखला लागतो, आणि तो ताजा लागतो. एकदा मेलेल्या माणसासाठी दुसऱ्यांदा घाई कशी दाखवायची ते तिला माहीत नाही.

घरी तर विचारूच नकोस. येनचे लोक दक्षिणेतले, त्यांच्यात पुरलं की पुरलं. तिची आई म्हणाली, तुम्ही उत्तरेकडचे लोक मेलेल्यालाही झोपू देत नाही. येनसुद्धा तिच्याच बाजूची. तिला वाटतं मी तिथं गेलो तर तिकडचाच होईन. अर्जावर तिची सही आहे, तेव्हा मला फार बोलता येत नाही.

म्हणून विचारतो, मुहूर्त पुढं ढकलता येईल का? सरकारला अर्ज करून पाहा. लुक गुरुजींना म्हणावं, आणखी एखादा दिवस शोधा, उन्हाळ्यातला. परवाना आला तर मी उडत येईन. बाबांचं मी करणार नाही तर कोण करणार? थांगला हात लावू देऊ नका.

तुझा
तोआन

*

थुओंग दोंग
८ ऑक्टोबर २००३

तोआन,

आईला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, घरात शिरायला परवानगी विचारतात हे ठाऊक होतं, बाहेर पडायलाही विचारावी लागते असं घर कसलं? मी म्हटलं, आई, तुझ्या सासूच्या घरी वेगळं काय होतं? त्यावर हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

उन्हाळ्यात कुणी माणूस उकरतं का रे? तिकडे राहून तुझ्या डोक्याला ऊन लागलंय. थंडीतच करायचं असतं हे शेंबडं पोर होतास तेव्हापासून तुला माहीत आहे, आजोबांच्या वेळी कंदील धरून तूच उभा होतास. गुरुजींकडे गेले होते. ते म्हणाले या पौर्णिमेनंतर दोन वर्षं दिवस नाही. गावसमितीच्या कचेरीतही गेले. तिथला पोरगा म्हणाला, रस्ता काय तुमच्या भावासाठी थांबणार आहे? मी त्याला पुष्कळ बोलले, पण खरं तर त्याचं बरोबर होतं. रानातली निम्मी माणसं हललीसुद्धा. सगळीकडे रिकामे खड्डे झालेत आणि त्यात पाणी साचलंय. बाबांच्या दोन्ही बाजूंचे शेजारी गेले.

आता गंमत ऐक. ती वकीलबाई ताजं मरण मागते हे ऐकून आई म्हणाली, मग लिहा की मी मरतेय. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे स्वतः गेली आणि म्हणाली, माझ्या नावावर एक मोठा रोग लिहून दे. तो म्हणाला, आजी, तुम्ही सायकलवरून आलात. ती म्हणाली, उतरताना धाप लागते असं लिही. त्यानं नाही लिहिलं, घाबरला. मीही नको म्हटलं. जित्या माणसाचं मरण कागदावर मांडायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो. पण तिची तयारी होती हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तू यावास म्हणून ती मरायलाही निघाली होती.

येनबद्दल लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. तिला माझ्याकडून सांग की आम्ही तिचा नवरा ठेवून घेणार नाही. आम्हाला तो एका पहाटेपुरता हवाय. हवं तर तिलाही घेऊन ये, मी शेवया करून घालीन आणि रानात नेणार नाही.

काकांनी थांगसाठी पांढरा सदरा शिवून घेतलाय. अजून तीन महिने आहेत. परवान्याच्या मागं लाग. पाया पडावं लागलं तर पड.

थोम

*

ह्यूस्टन
४ डिसेंबर २००३

ताई,

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून सरळच लिहितो. माझं येणं होत नाही.

परवाना आला नाही. मी काय काय केलं ते तुला वाटेल मी उगाच सांगतोय, पण तरी सांगतो. दोनदा कचेरीत जाऊन रांगेत उभा राहिलो. वकीलबाईंना दर आठवड्याला फोन केला. तिनं चौकशीचं पत्र पाठवलं, त्याला उत्तर नाही. खिडकीपलीकडच्या बाईनं मला सांगितलं की तुमच्यापुढं हजारो लोक आहेत आणि सगळ्यांना घरी जायचंय. माझ्या हातात असतं तर मी पोहत आलो असतो.

आणि त्यातच मुलाखतीची तारीख आली. पाच जानेवारी, दुपारी. येननं आणि मी दोघांनी अधिकाऱ्यापुढं बसायचं. ही मुलाखत म्हणजे सगळं, ताई. तिथं हो म्हणाले की झालं, नाही म्हणाले की चार वर्षं पाण्यात. चुकवली तर पुन्हा कधी बोलावतील त्याचा नेम नाही, कदाचित बोलावणारही नाहीत. मी हिशेब करून पाहिला. आमची पाच तारखेची दुपार म्हणजे तुमची सहाची पहाट. तुम्ही रानात असाल तेव्हाच मी आत बसलेला असेन. यात काहीतरी असेल. बाबाच तिकडून माझं काम करत असतील.

थांगला करू दे. मी आधी नको म्हटलं होतं, ते विसर. पुतण्या मुलासारखाच, काका म्हणतात त्यात खोटं नाही. मी आईला वेगळं लिहीत नाही, तूच सांग. रागानं सांगू नकोस. परवाना दिला नाही, त्यांनी अडवलं, असं सांग. तेच खरं आहे.

सकाळी मी तिकडे तोंड करून उदबत्ती लावीन.

तोआन

*

थुओंग दोंग
१२ जानेवारी २००४

चि. तोआन,

सहा तारखेचं काम ठरल्याप्रमाणे पार पडलं. ठरल्या वेळी खणायला सुरुवात झाली आणि उजाडायच्या आत सगळं आटोपलं. पाऊस नव्हता. हाडं कोरडी आणि सोन्यासारखी पिवळी निघाली, एकही कमी नव्हतं. असं क्वचित होतं, घराण्याला चांगलं असतं, असं सगळे म्हणाले. लुक गुरुजी समाधानी आहेत. पेटी नव्या जागेत ठेवली, उदबत्त्या लावल्या, नंतर घरी चिकट भात आणि कोंबडी केली. पंचवीसेक पानं झाली.

डोकं थांगनं उचललं नाही. मी उचललं. मुलीनं पुढं व्हायचं नसतं, पण तशी वेळ आली.

आईची तब्येत ठीक आहे. ती तुला आशीर्वाद सांगते. सरकारनं सोडलं नाही त्याला पोरगा काय करणार, असं ती सगळ्यांना सांगते. तू मनाला लावून घेऊ नकोस असंही ती म्हणते. मुलाखतीचं काय झालं ते कळव.

हे पत्र आईनं शेजारी बसून सांगितलं तसं लिहिलं आहे.

थोम

*

ह्यूस्टन
२२ फेब्रुवारी २००४

ताई,

झालं. पास झालो. पासपोर्टावर शिक्का बसला, कार्ड घरी येईल. तुझं पत्र आलं आणि दोन दिवसांनी मामांनी दुकानात सगळ्यांना जेवण दिलं. आता मी कुठंही जाऊ शकतो आणि परत येऊ शकतो, कुणाच्या बापाला विचारावं लागणार नाही.

मुलाखतीचं सांगतो. अधिकारी म्हातारा होता, सर्दी झालेला. आधी आमच्या दोघांचं विचारलं. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, सकाळचा चहा कोण करतं, शेवटचं भांडण कशावरून झालं. येन हसली, मीही हसलो, सगळं सोपं गेलं. मग माझा अर्ज चाळताना त्यानं विचारलं, वडील कुठं असतात? मी म्हटलं, वारले. तो म्हणाला, हो, पण कुठं पुरलंय, गावाचं नाव काय? ताई, मी घड्याळ बघितलं. तेव्हा ते कुठं होते ते मला सांगता येईना. जुन्या रानात म्हणू की नव्या जागेत? शेवटी येननंच गावाचं नाव सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि पुढचं पान उलटलं. बाहेर आल्यावर मी गाडीत जाऊन बसलो. खोटं सांगत नाही, रडलो.

हाडं सोन्यासारखी निघाली हे वाचून मनावरचं ओझं उतरलं. बघ, मी म्हटलंच होतं, बाबांचा हात होता यात. मी तिथं नसलो तरी त्यांनी राग धरला नाही. तू उचललंस ते मात्र वाचून जरा खटकलं. थांगला सांगितलं होतं ना मी? लोक काय म्हणाले असतील? मुलीनं केलं म्हणजे मुलगा मेला की काय असं वाटलं असेल कुणाला. पण असो, झालं ते झालं. तुला बोलत नाही.

जुलैमध्ये येतो. येनही येतेय, तिला मी कसंबसं तयार केलंय. बाबांवर चांगल्या काळ्या दगडाचं बांधकाम करू. बुओंग काकांना म्हणावं, कारागीर बघून ठेवा. वर बाबांचं नाव, आणि खाली 'पुत्र तोआन याने बांधले' असं कोरून घेऊ. म्हणजे सहा तारखेचं जे काही राहिलं ते भरून निघेल. काकूंचंही तोंड बंद होईल.

आईला म्हणावं, आता वाट बघायची नाही, आता मी मोकळा झालोय.

तोआन

*

थुओंग दोंग
२५ मार्च २००४

तोआन,

हे पत्र मी दुकानात बसून लिहितेय. आईला ठाऊक नाही.

तेतच्या सणाला बिच गावी आली होती. शुआन त्रुओंग भागातली, तुझ्या दुकानात तुझ्या शेजारच्या खुर्चीवर काम करते ती. माझ्याकडे शेवया खायला आली. मी तुझी बहीण आहे हे कळल्यावर फार प्रेमानं बोलली. म्हणाली, "बिचाऱ्याचं यायचं राहिलंच. आम्ही त्याला तुमच्यासाठी साबणं आणि चॉकलेटं बांधून दिली होती, तिकीटही काढलं होतं." मी तिला आणखी एक वाडगा वाढला आणि विचारत गेले. परवाना तुला ऑक्टोबरच्या शेवटी आला. तू तो दुकानात सगळ्यांना दाखवलास. मुलाखतीचं पत्र नंतर आलं. वकीलबाई म्हणाली होती की घरचं कारण सांगून दुसरी तारीख मागता येते, मिळते, फक्त काही महिने जातात. आणि येन म्हणाली होती, जा. बिचच्या समोर म्हणाली होती, बापाचं काम आहे, जा, मी तारीख मागून घेते. तिकीट तू परत केलंस. काही महिने जास्त लागतील म्हणून.

बिचला काही कल्पना नव्हती. तिला वाटलं, हे आम्हाला ठाऊकच असणार. मीही तसंच दाखवलं. त्या येनला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्यात, त्या आता कुठं ठेवू ते मला कळत नाही.

आता सहा तारखेचं ऐक. आधी लिहिलं ते आईनं लिहवून घेतलं होतं.

झाकण काढलं तेव्हा बाबा अजून बाबाच होते. तू त्यांच्या आजारपणात तो जाड, आतून रबरासारखा अस्तर लावलेला कोट पाठवला होतास ना, तो आईनं त्यांना जाताना घातला होता. गळ्यापर्यंत चेन लावलेली. चिखलाची जमीन आणि तो कोट. पाय तेवढे सुटे झाले होते, कोटातलं सगळं तसंच होतं. चेहरा होता. थांग पांढऱ्या सदऱ्यात दोन पावलं पुढं झाला आणि मागं वळून शेजारच्या रिकाम्या खड्ड्यात ओकला. काका त्याला धरून बाजूला घेऊन गेले, ते पुन्हा जवळ आले नाहीत.

खणणारे चांगले लोक होते, असलं त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांतला मोठा म्हणाला, अशा वेळी दोनच गोष्टी असतात. झाकून टाकायचं आणि आणखी तीन वर्षं थांबायचं, नाहीतर सुरीनं हाडं मोकळी करायची. मग त्यानं विचारलं, "मुलगा कुठाय? हे मुलानंच सांगायचं असतं." सगळे इकडंतिकडं बघायला लागले. झाकून टाकायचं म्हटलं तर पलीकडच्या बांधावर यंत्रं येऊन उभी होती. मी म्हटलं, मुलगा नाही. करा. त्यांनी केलं. मी कंदील धरला, कारण दुसरं कुणी धरेना. डोकं त्यांनी माझ्या हातात दिलं तेव्हा त्याला केस होते. ते धुवायला उकळलेलं पाणी पुरलं नाही, शेवटी कालव्याचं आणलं.

आईला मी घरी थांबायला सांगितलं होतं. ती भाताची टोपली घेऊन आलीच. खड्ड्याभोवती बांधलेली ताडपत्री उचलून आत आली. मी तिला ढकलायला गेले तर तिनंच मला बाजूला केलं. रडली नाही. खाली पडलेला कोट उचलला, झटकला आणि म्हणाली, "थंडी वाजू नये म्हणून मीच घातला होता." घरी येताना वाटेत तिनं मला सांगितलं, त्याला लिही, सोन्यासारखी निघाली. परक्या मुलखात पोरगं रात्री झोपणार नाही. तेव्हा तुझं परवान्याचं खोटं आम्हाला माहीत नव्हतं. आता मला माहीत आहे, तिला नाही. ती अजून दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की सरकारनं सोडलं नाही. तू आलास की तूही हेच सांग. ती गावात खोटी पडलेली मला चालणार नाही.

बाबांवर काळा दगड बसवू नकोस. नाव कोरायचं तर माझं कोरावं लागेल आणि मुलीचं नाव कोरत नाहीत. तेव्हा जागा तशीच राहू दे, तिथं गवत चांगलं आलंय.

आणखी एक. मागच्या महिन्यात आई समितीच्या कचेरीत गेली. एकटीच, चालत. आपल्या गावात आजवर कुणाला जाळलेलं नाही हे तुला माहीत आहे. हनोईला भट्टी झालीय तेव्हापासून हीच बाई म्हणत आली की तिकडं माणसाची राख करतात, कुत्र्यासारखं. तिनं तिथं जाऊन नाव दिलं. मी मेले की मला हनोईला न्या आणि जाळा, असं लिहवून त्यावर अंगठा दिला. म्हाताऱ्या बायकांनी तिला घरी येऊन शिव्या घातल्या. काका बोलले, लुक गुरुजी बोलले. तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. मग रात्री भात वाढताना मी विचारलं तेव्हा म्हणाली,

"जाळलं की एकदाच होतं. तीन वर्षांनी पुन्हा त्याला बोलवायला नको, आणि पुन्हा त्याच्यावर नाही म्हणायची पाळी यायला नको."

हे तुला कळवायचं नाही असं तिनं बजावलंय. जुलैत यायचं तर ये. नाही जमलं तरी चालेल, आता तुझ्यावाचून अडण्यासारखं इथं काही उरलेलं नाही.

थोम